नाना एबोंची तेरा वर्षं

कूकू एसुमान वारले तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. त्यांना पुरलं तेव्हा ते चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले होते. मधे गेले होते फक्त पाच आठवडे.

या पाच आठवड्यांत माणूस शवागाराच्या गारव्यात पडून असतो आणि बाहेर घराण्याची मंडळी त्याच्या शेवटाची तयारी करतात. छपाईवाल्याकडे फलक टाकतात. कूकूंचा फलक सॉल्टपाँड गावाच्या नाक्यापासून आमच्या चर्चच्या फाटकापर्यंत भिंतीभिंतीला लागला. वर सोनेरी ढग, मधे कूकूंचा कोट घातलेला फोटो, खाली ठसठशीत अक्षरांत: ‘प्रभूने घरी बोलावले. वय वर्षे चौऱ्याऐंशी.’ पाणीपुरवठ्याच्या पंपावर तीस-पस्तीस वर्षं कूकूंबरोबर काम केलेल्या माणसांनी तो वाचला, जिभा चावल्या आणि गप्प बसली. फलकावरचं वय खोडून काढणं आमच्यात पाप नसलं तरी पापाच्या शेजारीच राहतं.

आणि त्यात वाईट तरी काय होतं? माणूस ऐंशीच्या पुढे गेला म्हणजे देवानं त्याला पोटभर आयुष्य दिलं. मग लाल-काळं नेसून छाती पिटायची नाही. सगळ्यांनी पांढरं नेसायचं, बँड लावायचा आणि शवपेटीच्या मागं नाचत जायचं. तसे सगळे नाचले. कूकूंचे थोरले भाऊ नाना एबो सर्वांत पुढे, हातात पांढरा रुमाल घेऊन. घराण्याचा मुख्यच तो, ‘नाना’ ही पदवी त्याचीच. त्यानंच नाचायचं नाही तर कुणी?

एकटी कूकूंची बायको अराबा नाचली नाही. पण विधवा नाचत नाहीच, तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

या अराबाबद्दल दोन शब्द आधी सांगितले पाहिजेत. आमच्या चर्चमध्ये पाळकसाहेब प्रवचन करतात ते बसून नुसतं ऐकायचं नसतं. प्रवचन रंगात आलं, किंवा खरं सांगायचं तर कोरडं पडायला लागलं, की मागच्या बाकांवरून एखादी बाई उठते आणि त्याच विषयावर गाणं धरते. शास्त्रातली एखादी गोष्ट, तिच्या तोंडी, तिच्या चालीत, जागच्या जागी रचलेली. सगळी मंडळी तिची ओळ झेलून पुन्हा म्हणते. पाळकसाहेब हात जोडून उभे राहतात, कारण गाणं मधे तोडायचं नाही हा आमच्या आज्यांच्या काळापासूनचा दंडक. आणि अराबाला तर देवानं असा गळा दिला होता की तिनं वाळवंटातली भूक गायली की आम्हाला खरोखर भूक लागायची. अक्षर फारसं येत नव्हतं, पण सगळं शास्त्र गळ्यात. कित्येक पाळक आले नि बदलून गेले. आम्ही मात्र जे शिकलो ते अराबाच्या गाण्यातून शिकलो, असं मी शपथेवर सांगेन.

नवरा गेल्यापासून ती चर्चमध्ये यायची, बसायची आणि उठून जायची. गायला म्हणून उभी राहिली नाही. सात महिने आम्ही नुसती प्रवचनं ऐकत होतो. त्या काळात आमच्या श्रद्धेची जी कसोटी लागली, ती लागली.

*

आता अराबाची अडचण. आमच्यात घर आईच्या वंशाकडून चालतं. कूकू राहायचे ती खोली त्यांच्या आईच्या घराण्याची. नवऱ्याचं वर्षश्राद्ध झालं की विधवेनं आपल्या माणसांत परत जायचं. अराबानं धूर दिलेले मासे विकून विकून आपल्या आईच्या जागेवर दोन खोल्यांच्या भिंती उभ्या केल्या होत्या. दारं होती, खिडक्यांची भोकं होती, छप्पर नव्हतं. वर्ष संपायला पाच महिने उरले होते. पाच महिन्यांत छप्पर झालं नाही, तर भावजयीच्या घरात एका कोपऱ्यात चटई टाकून उरलेलं आयुष्य काढायचं. आणि तिच्या भावजयीला गाणं ऐकलं की डोकं दुखायचं.

कूकू पेन्शन घेत होते. ते एकदा म्हणाले होते, “मी पंचाहत्तरीच्या आत गेलो ना, तर उरलेल्या वर्षांचे पैसे सरकार तुला एकदम देईल. कागदावर तुझंच नाव लिहिलंय.” अराबानं तेव्हा त्यांच्या तोंडावर हात ठेवला होता. आता तीच गोष्ट आठवून ती भाड्याच्या ट्रोट्रो गाडीत बसली आणि शहरातल्या पेन्शन कचेरीत गेली. मासे घेऊन बाजारात जायचं तसं तिनं कागदांचं गाठोडं बांधून नेलं होतं: मृत्यूचा दाखला, लग्नाचा दाखला, ओळखपत्र, कूकूंचं पेन्शन कार्ड आणि कुणाला शंका नको म्हणून घडी घातलेला तो सोनेरी ढगांचा फलकसुद्धा.

खिडकीपलीकडे मिस अग्बेको नावाची तरुण मुलगी होती. चष्मा, नीटनेटक्या वेण्या, आवाज मऊ. तिनं कागद एकेक करून पाहिले, संगणकात पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

“मावशी, हे तुमचे मिस्टर?”

“हो. बेचाळीस वर्षं.”

“आमच्या फायलीतले कूकू एसुमान एकाहत्तर वर्षांचे आहेत.”

“बरोबर आहे.”

“आणि दाखल्यावरचे कूकू एसुमान चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत.”

“ते... तसं लिहिलंय खरं.”

“मग ही दोन माणसं झाली ना मावशी.”

“दोन कुठले गं बाई? एकच होता. मी धुतले ना त्याचे कपडे!”

“मावशी, रागावू नका. मी कागदाप्रमाणे बोलते. दाखल्यावरचा माणूस वारलाय. आमचा माणूस एकाहत्तरचा आहे, म्हणजे कागदाप्रमाणे तो जिवंत आहे. तुम्ही त्याला इथं घेऊन या. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावाच लागतो, यंदा त्यांचा आलेला नाही.”

अराबा म्हणाली, “पोरी, त्याला इथं आणता आला असता तर मी तुझ्याकडे आले असते का?”

मिस अग्बेकोच्या शेजारच्या खिडकीतला कारकून खुदकन हसला. तिनं त्याच्याकडे डोळे वटारले आणि आवाज आणखी मऊ केला.

“दुसरं असं होऊ शकतं की ते खरंच चौऱ्याऐंशीचे होते आणि नोकरीला लागताना त्यांनी तेरा वर्षं लपवली. मग ते साठाव्या नाही, त्र्याहत्तराव्या वर्षापर्यंत कामावर होते. तसं असेल तर वारसाला काही मिळत नाही. उलट...” ती जरा थांबली. “उलट जाऊ द्या. ते विचारू नका.”

“नाही विचारत.”

“तुमचा नवरा एकाहत्तरचाच होता, हे मला पटतंय. फोटो बघूनच पटतंय. पण दाखल्यावरचं वय ज्यानं सांगितलं, त्यानंच न्यायालयात शपथेवर सांगायला हवं की आपण चुकीचं सांगितलं.” तिनं दाखला उलटून पाहिला. “माहिती देणार: एबो एसुमान, मयताचा थोरला भाऊ. वय शहाऐंशी. यांचंही वय खरं लिहावं लागेल हं मावशी. भाऊ दोन वर्षांनी मोठा, असं इथं लिहिलंय. एकाचं कमी केलं की दुसऱ्याचंही करावं लागणार.”

अराबानं कागद गोळा केले. फलक तिनं घडी न घालताच पिशवीत कोंबला.

“दुसरा काही मार्ग?”

“बाप्तिस्म्याची नोंद असेल तर...”

“त्या वहीला वाळवी लागली. पाळकसाहेबांनी तिचं दफनसुद्धा केलं.”

“मग हे एबो एसुमान,” मिस अग्बेको म्हणाली.

*

नाना एबोंच्या वयाची कथा आमच्या गावात सगळ्यांना पाठ होती आणि कुणी ती बोलत नव्हतं. आठ वर्षांपूर्वी घराण्याचे आधीचे मुख्य वारले. त्या घरात मुख्याची खुर्ची सर्वांत वडील पुरुषाला मिळते. हक्कदार दोन: एबो आणि त्यांचा मावसभाऊ आटो क्वान्सा, शिंपी. जन्माचे दाखले कुणाकडेच नव्हते. बैठकीत आटोनं घसा खाकरून सांगितलं, “मी बहात्तर.” एबो तेव्हा पासष्टचे होते. त्यांनी एक क्षण विचार केला आणि म्हणाले, “मी अठ्ठ्याहत्तर. मोठं वादळ झालं त्या वर्षीचा.” वादळ कोणतं हे कुणी विचारलं नाही, कारण समुद्राकाठी वादळ कोणत्या वर्षी होत नाही? आटो हळहळला. आपण ऐंशी का नाही म्हणालो, ही त्याची रुखरुख आजतागायत गेलेली नाही.

एबो शहाण्णवपर्यंत असेच वाढत गेले असते. पण सगळ्या गावाला ठाऊक की कूकू त्यांच्याहून दोन वर्षांनी धाकटे. भावाच्या फलकावर एकाहत्तर छापलं असतं तर दुसऱ्या दिवशी आटो शिंपी टेप घेऊन खुर्चीचं माप घ्यायला आला असता.

अराबा संध्याकाळी नाना एबोंच्या अंगणात गेली. नाना खुर्चीत बसून मक्याच्या पिठाचं केंके नि तळलेला मासा खात होते. तिनं गुडघे वाकवून नमस्कार केला आणि कचेरीत घडलं ते सगळं सांगितलं. नानांचा घास हातातच राहिला.

“अराबा,” ते म्हणाले, “त्या मुलीला सांग, आमच्यात वय असं मोजत नाहीत.”

“सांगितलं. ती म्हणते संगणक तसंच मोजतो.”

“मग तू सांग की मी म्हातारा झालो, मला आठवत नाही.”

“म्हणजे तुमचं वय शहाऐंशी आहे असं आठवतं आणि त्र्याहत्तर आहे असं आठवत नाही, असं सांगू?”

नानांनी मासा खाली ठेवला. “हे बघ, छपराचे पैसे मी देतो.”

“कुठून?”

“देतो म्हटलं ना.”

“नाना, मागच्या नाताळात तुम्ही बँडवाल्याला सांगितलंत, पुढच्या नाताळात देतो. तो बँडवाला अजून माझ्याकडून उधार मासे नेतो, तुमच्या नावावर.”

आतून नानांच्या बायकोचं हसू ऐकू आलं. नाना उठले, अंगणात एक फेरी मारली, पुन्हा बसले.

“अराबा, मी तुझ्यासाठी काय नाही केलं? तुझ्या नवऱ्याला काय थाटात पोचवला! चारशे माणूस पांढरं नेसून आलं. कूकूच्या नशिबात असं दफन होतं का? एकाहत्तरचा म्हटला असता तर शंभर आले असते, तेही रडत. मी त्याला तेरा वर्षं दिली, तेरा! आपल्या भावाला कुणी एवढं देतं?”

अराबा हळू म्हणाली, “नाना, ती तेरा वर्षं तुम्ही त्याला जिवंतपणी दिली असती, तर मी तुमचे पाय धुतले असते. फलकावरची घेऊन मी काय करू? वरून पाणी पडेल तेव्हा फलक डोक्यावर धरू?”

नानांनी खुर्चीच्या हातावरून हात फिरवला.

“आटो त्या खुर्चीत बसेल,” ते म्हणाले. “माझ्या आईच्या अंगणात आटो बसेल आणि मी त्याला ‘नाना’ म्हणेन. ते मला जमायचं नाही, अराबा. जा तू.”

ती गेली. त्यानंतर आठवडाभर बायकाबायकांत हीच चर्चा. कुणी म्हणालं, पाळकसाहेबांना मधे घाला. पाळकसाहेब म्हणाले, “मी प्रार्थना करतो.” म्हणजे मधे पडणार नाही. आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली. त्या प्रार्थनेत छप्पर किती होतं आणि सात महिने न ऐकलेलं गाणं किती होतं, हे देवालाच ठाऊक.

*

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांचं प्रवचन होतं दानावर. नवीन जनरेटर घ्यायचा होता. अर्धा तास झाला. पाळकसाहेब दानाच्या सातव्या प्रकारावर आले होते. पुढच्या बाकावर नाना एबो पांढऱ्या वस्त्रात ताठ बसले होते. त्यांचं ताठ बसणं म्हणजे झोप, हे आम्हाला ठाऊक. दोन बाकं मागं आटो शिंपी घड्याळाकडे पाहत होता.

आणि मागून आवाज आला.

किती दिवसांनी! आमच्या अंगावर काटा आला. अराबा उभी होती, काळ्या वस्त्रात, डोळे मिटून. पाळकसाहेबांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि हात जोडले. जनरेटरचं पुढं काय ते देव बघून घेईल, असा त्यांचा चेहरा झाला होता.

तिनं दानाचं काहीच गायलं नाही. धरली ती त्या म्हाताऱ्या धनगराची गोष्ट, जो दुष्काळात मुलाच्या पाठोपाठ परक्या देशात जातो आणि तिथल्या राजासमोर उभा राहतो, आणि राजा त्याला पहिलाच प्रश्न वयाचा विचारतो.

दूरदेशीहून आला म्हातारा धनगर
राजाच्या दारात उभा, काठीचा आधार
राजा पुसे त्याला, बसवून जवळ:
सांग बाबा, सांग बाबा, वय तुझं किती?

सगळ्या चर्चनं झेलून धरलं: सांग बाबा, सांग बाबा, वय तुझं किती?

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. हे आख्यान आमच्याकडे जुनं. त्यात राजाचा प्रश्न बायका विचारतात आणि धनगराचं उत्तर एक पुरुष देतो, खर्जात. तो खर्ज गेली तीस वर्षं नाना एबोंचा. आमच्या किनाऱ्यावर तसा खर्ज दुसरा नाही. तुतारीसारखा सुरू होतो नि समुद्रासारखा संपतो. नाना झोपेत असले तरी त्यांचा घसा जागा असतो. तसंच झालं. प्रश्न संपला आणि डोळे मिटलेले असतानाच नाना एबोंनी उत्तर दिलं:

थोडे माझे दिस राजा, थोडे माझे दिस
बापजाद्यांच्याइतके नाही, थोडे माझे दिस!

शेवटचा सूर लागला आणि नानांचे डोळे उघडले. त्यांनी मान वळवून पाहिलं. अराबा त्यांच्याकडे बघत नव्हती. तिनं दुसरं कडवं उचललं:

केस तुझे पिकले बाबा, भुवयाही पिकल्या
वाटेवरच्या धुळीनं टाचा भेगाळल्या
राजापुढे सांगताना जीभ नको अडू
सांग बाबा, सांग बाबा, वय तुझं किती?

या वेळी मंडळींनी जरा जास्तच उत्साहानं झेललं. आमच्यात काही माणसं फार भाविक आहेत आणि काही फार चावट. त्या दिवशी दोन्ही एकाच सुरात गात होती. कुणीतरी टाळ्यांचा ताल धरला. आटो शिंपी तर उभाच राहिला, वाकून नानांच्या तोंडाकडे पाहत: वय तुझं किती!

नाना अडकले. उत्तर दिलं नाही तर गाणं अधांतरी राहणार. तीस वर्षांत त्यांनी गाणं असं लटकत सोडलं नव्हतं. दिलं तर काय देणार, ते शब्द ठरलेले. ते दोन्ही हातांनी बाकाचा आधार घेत उभे राहिले आणि गायले, हळू: थोडे माझे दिस राजा...

अराबा थांबली. आम्हाला वाटलं संपलं. मग तिनं तिसरं कडवं घेतलं, जे त्या आख्यानात कधीच नव्हतं. तिनं तिथंच रचलं.

धाकटा भाऊ पुढे गेला, वाट अर्धी चालून
मागे राहिल्यानं त्याला पाहिलं नाही रडून
आईनं त्यांना पाठोपाठ घेतलं कडेवर
सांग बाबा, सांग बाबा, वय त्याचं किती?

या वेळी कुणी झेललं नाही.

नाना एबोंनी तोंड उघडलं. सूर आलाच नाही. पुन्हा उघडलं. थोडे... एवढंच आलं, आणि ते गाणं नव्हतं, रडणं होतं. शहाऐंशी वर्षांचा तो घराण्याचा मुख्य बाकावर मटकन बसला, पांढऱ्या वस्त्राच्या टोकात तोंड लपवलं आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. भाऊ जाऊन सात महिने झाले होते. रुमाल उडवत नाचले त्या दिवसापासून त्यांना रडायची सवडच मिळाली नव्हती. पांढरं नेसलेल्यानं रडायचं कसं?

“एकाहत्तर,” ते वस्त्रातूनच म्हणाले. “एकाहत्तर होता माझा कूकू. हे काय जायचं वय होतं?”

“आणि तुम्ही?” आटोनं विचारलं. त्याला राहवलं नाही.

“त्र्याहत्तर,” नाना म्हणाले. “बस आता खाली, मेल्या.”

पाळकसाहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि सुचेना म्हणून “आमेन” म्हटलं. आम्ही सगळे एवढ्या जोरात “आमेन” म्हणालो की फाटकाबाहेरची केंकेवाली आत डोकावली. जनरेटरसाठी त्या दिवशी आजवरचं सर्वांत मोठं दान जमलं, हेही नोंदवून ठेवतो.

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच आटो शिंपी नव्या चपला घालून नानांच्या अंगणात हजर. सोबत चार माणसं.

“एबो,” तो म्हणाला, ‘नाना’ गाळून, “मी ऐंशी वर्षांचा आहे. सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा ती खुर्ची...”

“घे की,” नाना म्हणाले. रडून त्यांचे डोळे सुजले होते, पण आवाज मोकळा झाला होता. “उद्या मी अराबाबरोबर न्यायालयात चाललोय, माझं वय शपथेवर सांगायला. तूही चल. शास्त्रावर हात ठेव, ऐंशी म्हण, परत ये आणि बस. मी स्वतः गादी झटकून देतो.”

“शपथेवर?”

“शपथेवर. शिक्का मारून देतात.”

आटोनं आपल्या नव्या चपलांकडे पाहिलं. त्याच्याबरोबरच्या चार माणसांनी आटोकडे पाहिलं.

“उद्या,” आटो म्हणाला, “उद्या मला एका नवरीचा झगा द्यायचाय.”

“मग परवा?”

“परवा तिच्या बहिणीचा.”

आटोचं खरं वय किती, हे गावाला आजही ठाऊक नाही. खुर्ची नानांकडेच आहे.

मंगळवारी नाना एबो आणि अराबा ट्रोट्रोत शेजारी शेजारी बसून शहरात गेले. न्यायालयातल्या बाईंनी नानांना विचारलं, “आधी चुकीचं वय का सांगितलंत?” नाना म्हणाले, “लोभ.” त्या म्हणाल्या, “असं नाही लिहिता येणार, आजोबा. ‘अनवधानाने’ लिहिते.” नाना म्हणाले, “बाई, अनवधानानं माणूस एक-दोन वर्षं चुकतो. पण लिहा, तुमची मर्जी.”

मिस अग्बेकोनं प्रतिज्ञापत्र वाचलं, शिक्का पाहिला, संगणकात काहीतरी ठोकलं. मग मान वर करून हसली.

“आता दोघं एक झाले, मावशी.”

“कोण?”

“तुमचे दोन कूकू.”

तिनं कागद पुढं सरकवला. त्यावर लिहिलं होतं की कूकू एसुमान, वय एकाहत्तर, मयत. वारस अराबा एसुमान, पत्नी. पंचाहत्तरीपर्यंतची उरलेली रक्कम एकरकमी देय. अराबानं ते मिस अग्बेकोकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्या वेळी ‘मयत’ या शब्दावर तिनं बोट ठेवलं आणि तिथंच ठेवून बराच वेळ बसली. मागच्या रांगेतल्या माणसांनी घाई केली नाही. नाना एबोंनी खांद्यावरचं वस्त्राचं टोक काढून तिच्या हातात दिलं. तिनं त्यात नाक शिंकरलं. मग सही करायच्या जागी अंगठा उठवला.

पैसे खात्यावर यायला चार महिने लागले. वर्षश्राद्धाला दहा दिवस उरले असताना पत्रे चढवायला सुरुवात झाली. सुतार वर, अराबा खाली, आणि नाना एबो नेहमीप्रमाणे कुठं खुर्ची मिळते का ते शोधत होते.

“नाना,” अराबानं हाक मारली, “शिडी हलतेय, जरा धरा.”

“मी? अगं, माझ्या वयाला...”

“शहाऐंशीचे होतात तेव्हा सावलीत बसवून नारळपाणी दिलं असतं. आता शिक्का मारलेले त्र्याहत्तर आहात. धरा.”

सुतार वरून हसला. नानांनी इकडे तिकडे पाहिलं, वस्त्र कमरेला खोचलं आणि शिडी धरली. थोड्या वेळानं शेवटचा पत्रा द्यायला कुणी नव्हतं, म्हणून तेही चार पायऱ्या वर चढले, शिव्या देत, आणि पत्रा वर सरकवला. खाली उतरले तेव्हा धापा टाकत होते. अराबा आत उभी होती, मान वर करून. तिनं तोंड उघडलं आणि एकच सूर लावून पाहिला, पत्र्याखाली तो कसा घुमतो ते ऐकायला.

चांगला घुमला. बाहेरून नानांचा खर्ज त्याला येऊन मिळाला.